ते असे : कायद्यातल्या अवतरणचिन्हांचा मागोवा

कुर्ल्यात रेल्वेच्या नोकरीतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून निघाली ती हार्बर मार्गाने कुर्ल्यालाच पोचली. पुढे इथली कारशेड वाढली, यार्ड वाढले, क्वार्टर्स झाली. या माणसांच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक असायचे. ‘जनरल अँड सब्सिडिअरी रूल्स’, रेल्वेवाल्यांच्या तोंडी ‘जी अँड एसआर’. पुस्तक उघडले की जागोजागी पाने फुगलेली दिसायची, कारण त्यांवर छापील कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. त्या पट्टीचे नाव करेक्शन स्लिप. नियम बदलला की पट्टी येणार, ज्याने त्याने ती कापून, डिंक लावून आपल्या प्रतीत योग्य जागी चिकटवायची आणि तिचा क्रमांक पुस्तकाच्या सुरुवातीच्या तक्त्यात नोंदवायचा. तक्त्यात मधलाच एखादा क्रमांक नसला की साहेबाच्या लगेच ध्यानात यायचे.

हा घरगुती टापटिपीचा भाग नव्हता. १९७६च्या जनरल रूल्समध्ये २.०२ क्रमांकाचा नियमच तसा आहे. ज्या कर्मचाऱ्याला नियमांची प्रत दिली आहे त्याने ती सगळ्या दुरुस्त्यांसह अद्ययावत ठेवायची, वरिष्ठांनी मागितली की दाखवायची, हरवली किंवा खराब झाली तर नवी घ्यायची, आणि हाताखालच्या माणसांना दुरुस्त्या पोचल्या की नाही तेही बघायचे. म्हणजे मजकूर बदलण्याचा अधिकार वरच्यांचा, आणि तो बदल पानावर उतरवण्याचे काम खालच्या प्रत्येकाचे. गाडी चालवणाऱ्या खात्याला ही चैन परवडणारी नव्हती की नियम एका कागदावर आणि त्याची दुरुस्ती भलत्याच कागदावर राहावी.

कायदे करणाऱ्या सरकारला मात्र ती चैन दीडशे वर्षे परवडत आली आहे.

विधानमंडळ एखादा कायदा दुरुस्त करते तेव्हा जुना कायदा नव्याने छापून संमत होत नाही. संमत होतो तो दुरुस्ती अधिनियम, म्हणजे एक सूचनापत्र. त्याची मराठी धाटणी ठरलेली आहे. मूळ कायद्याला ‘मुख्य अधिनियम’ म्हणायचे आणि मग सूचना द्यायच्या : मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील “अमुक” या मजकुराऐवजी “तमुक” हा मजकूर दाखल करण्यात येईल. अमुक पोट-कलम वगळण्यात येईल. अमुक कलमानंतर पुढील कलम समाविष्ट करण्यात येईल, ते असे :—

या ‘ते असे’नंतर अपूर्णविराम येतो, आडवी रेघ येते आणि दुहेरी अवतरणचिन्ह उघडते. तिथून पुढचा मजकूर या कायद्याचा नाही. त्याला स्वतःचा कलम-क्रमांक असतो, स्वतःचे समासातले शीर्षक, स्वतःची पोट-कलमे, परंतुके आणि स्पष्टीकरणे. दुरुस्ती अधिनियमाच्या पाचव्या कलमाच्या पोटात मुख्य अधिनियमाचे एकशे चोपन्नावे कलम येऊन बसलेले असते. चिन्ह मिटले की आपण पुन्हा सूचनापत्रात. एकाच कागदावर दोन आवाज बोलत असतात : एक हुकूम देणारा, दुसरा ज्याच्याबद्दल हुकूम आहे तो. पहिला एकदा बोलतो आणि संपतो. दुसऱ्याला मात्र जन्मभर दुसऱ्याच घरी नांदायचे असते.

ही पद्धत पहिल्यापासून सगळीकडे अशी नव्हती. ब्रिटिश पार्लमेंटच्या जुन्या कायद्यांत दुरुस्ती बऱ्याचदा आडून होई. आधीच्या कायद्यातल्या शब्दांना हात न लावता नवा कायदा म्हणे की जुन्यातली अमुक तरतूद यापुढे तमुक प्रकारे लागू होईल. जुने तसेच, नवे वेगळे, आणि दोन्ही समोर धरून अर्थ लावणे वाचकाच्या माथी. या त्रासाला कंटाळून एडवर्ड कीलिंग नावाच्या खासदाराने १९३८ साली मागणी केली की दुरुस्ती विधेयकाच्या शेवटी दुरुस्त झालेले कलम कसे दिसेल ते अख्खे छापून द्या. तशा परिशिष्टाला तिकडे अजून ‘कीलिंग शेड्यूल’ म्हणतात. आपल्या विधिमंडळात सदस्यांच्या हाती विधेयक पडते तेव्हा शेवटी मूळ कायद्यातल्या संबंधित कलमांचे उतारे जोडलेले असतात. कीलिंगसाहेबांनी मागितले होते दुरुस्तीनंतरचे रूप. आपण देतो दुरुस्तीआधीचे. जोडकाम सदस्याने मनातल्या मनात करायचे.

हिंदुस्थानात मात्र थेट शब्द बदलण्याची, शब्द घालण्याची रीत बरीच लवकर रुळली. मुंबई इलाख्यात तिचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे १८८८चा मुंबई अधिनियम क्रमांक ३, आपला महापालिका कायदा. फिरोजशहा मेहता आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कायदे कौन्सिलात ज्या मसुद्यावर खल केला तो कायदा मुंबई बेटाचा होता. कुर्ला त्यात नव्हते. कुर्ल्याची नगरपालिका वेगळी होती, जिल्हाही वेगळा. १९५०च्या मुंबई अधिनियम क्रमांक ७ने महापालिकेची हद्द पूर्वेला भांडुपपर्यंत आणि पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत वाढवली आणि कुर्ला आत आले. पुढे १९५७ साली हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. कुर्लेकर एका सकाळी मुंबईकर झाले म्हणजे कागदोपत्री काय झाले, तर बासष्ट वर्षे जुन्या कायद्यात काही शब्द निघाले आणि काही शब्द बसले. आजही त्या कायद्याची सरकारी छापील प्रत उघडली तर पानाच्या वरच्या भागात कायदा आणि खालच्या भागात तळटीपांची दाटी दिसते. अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द अमक्या अधिनियमाच्या अमक्या कलमाने दाखल, हे कलम अमक्याने वगळले, हे तमक्याने घातले. काही पानांवर तळटीपा कायद्यापेक्षा जास्त जागा खातात. मला ती पाने वाचायला आवडतात. कोण कधी येऊन राहिले याची नोंद इतक्या इमानाने फार थोड्या ठिकाणी ठेवली जाते.

आता प्रश्न असा की सूचना दिली म्हणून बदल झाला का? की कोणीतरी प्रत्यक्ष चिकटवल्यावर झाला? याचे उत्तर देण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर १९५२ साली आली, आणि ती आणणारा माणूस ठाणे जिल्ह्यातला होता.

शामराव परुळेकर. वारल्यांच्या लढ्यामुळे गोदावरी आणि शामराव परुळेकर ही नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९५१ साली ठाण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने शामरावांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटकेत ठेवले होते. हा १९५०चा कायदा मुदतीचा होता. मूळ मुदत १ एप्रिल १९५१पर्यंत. ती संपण्याआधी दुरुस्ती झाली आणि तारीख १ एप्रिल १९५२ झाली. ती संपत आली तेव्हा पुन्हा दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर १९५२ झाली. आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने बघा. कायदा मरणार आणि आपण सुटणार अशी तारीख जवळ येते, आणि दिल्लीत कोणीतरी अवतरणचिन्हांतली एक तारीख काढून तिथे दुसरी ठेवतो.

शामराव थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. युक्तिवादात बरेच काही होते. त्यात हाही मुद्दा गुंतलेला होता की दुरुस्त झालेला कायदा वाचायचा कसा, मूळ कागदावरून की दुरुस्तीनंतरच्या रूपावरून. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी. हे नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तिथून दिल्लीला गेले, आणि इंग्रजी लिहावे तर यांनी अशी त्यांची ख्याती. त्यांनी नियम सांगितला तो थोडक्यात असा : नंतरच्या कायद्याने आधीच्या कायद्यात मजकूर घातला, की आधीचा कायदा त्यापुढे असा वाचायचा की जणू नवे शब्द त्यात शाई-लेखणीने लिहिले गेले आहेत आणि जुने शब्द खोडले गेले आहेत. अर्थाचा अनर्थ होत असेल तेवढाच अपवाद. दुरुस्ती अधिनियमाकडे पुन्हा वळून बघण्याची गरज नाही. शामरावांची हरकत फेटाळली गेली.

ही शाई-लेखणी पुढे देशभरच्या न्यायालयांत इतक्या वेळा उद्‌धृत झाली की आता वकील ती सांगताना खटल्याचे नावही घेत नाहीत. ठाण्याच्या स्थानबद्धतेच्या हुकुमाशी तिचा संबंध आहे हे तर कोणाच्या गावी नसते. मला त्या वाक्यातला ‘जणू’ महत्त्वाचा वाटतो. कोणीही शाई घेऊन बसलेले नसते. राष्ट्रपतींच्या सहीची मूळ प्रत तशीच कपाटात असते, तिच्यावर एक रेघ ओढली जात नाही. खोडाखोड झाली असे सगळ्यांनी मिळून धरून चालायचे. रेल्वेच्या नियमात डिंक खरा आहे. इथे तो मानलेला आहे.

मानलेल्या डिंकाची एक सोय १९३६ सालीच करून ठेवली होती. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, म्हणजे १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये, त्या वर्षी ६-अ हे कलम आले. दुरुस्ती करणारा कायदा पुढे रद्द झाला तरी त्याने घातलेला मजकूर जागचा हलत नाही, असा त्याचा आशय. म्हणून दर काही वर्षांनी संसद शेकडो जुने दुरुस्ती अधिनियम एका फटक्यात रद्द करते आणि कोणाच्याही आयुष्यात काही बदलत नाही. २०१५नंतर असे बरेच कायदे झाले आणि ‘इतके निरुपयोगी कायदे मोडीत काढले’ अशा बातम्या छापून आल्या. त्या मोडीत मोठा वाटा या सूचनापत्रांचा होता. त्यांचे काम संमतीच्या दिवशीच संपले होते. आणि गंमत अशी की ६-अ हे कलम स्वतः दुरुस्तीनेच घातलेले आहे.

अवतरणचिन्हांत बसणारी सगळ्यात लहान गोष्ट म्हणजे तारीख, आणि सगळ्यात जास्त माणसे हलवणारीही तीच. भाडेनियंत्रणाचे उदाहरण घ्या. १९४७चा मुंबई भाडे कायदा युद्धानंतरच्या टंचाईपुरता, ठरावीक मुदतीचा होता. मुदत संपत आली की विधिमंडळ तारीख बदलायचे. असे करत करत पाहुण्या कायद्याने पन्नाशी गाठली. कुर्ल्याच्या चाळींतली भाडी त्याच तारखेच्या आधाराने गोठलेली राहिली. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये सांगितले की भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. पण कायदा ३१ मार्च १९९८ला संपणारच आहे, तेव्हा तो आम्ही मोडीत काढत नाही. यावर महाराष्ट्राने काय करावे? तारीख आणखी पुढे नेली. नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तो थेट ३१ मार्च २००० रोजी.

दुसरी तारीख कुर्ल्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. विमानतळाच्या कडेला संदेशनगर, क्रांतीनगर, मिठीच्या काठची वस्ती, पाइपलाइनच्या आसपासची घरे, सगळीकडे एकच सवाल : पुरावा कधीचा? झोपडपट्टी कायदा १९७१चा, महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २८. त्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणासाठी १९९५-९६ साली एक अख्खे प्रकरण घातले गेले. कलम ३ आणि कलम ४ यांच्या मधे जागा करायची होती, म्हणून ३-ए, ३-बी असे निघाले आणि ३-डब्ल्यूपर्यंत पोचले. मग २००२च्या दुरुस्तीने संरक्षित झोपडीधारकांसाठी आणखी एक प्रकरण आले. उरलेली अक्षरे तीन : ३-एक्समध्ये व्याख्या, ३-वायमध्ये फोटोपास, ३-झेडमध्ये स्थलांतर आणि पुनर्वसन. इंग्रजी मुळाक्षरे संपली, कायदा संपेना. मग ३-झेड-१, ३-झेड-२ असे पुढे चालू. ज्या फोटोपाससाठी माणसे आयुष्यभर विजेची बिले प्लास्टिकच्या पिशवीत जपतात त्याचा कायदेशीर पत्ता हा असा, दोन आकड्यांच्या फटीत पोटमाळा काढून बांधलेला.

संरक्षित झोपडीधारकाच्या त्या व्याख्येत तारीख होती १ जानेवारी १९९५. २०१४च्या दुरुस्तीने तिथे १ जानेवारी २००० आली. आत-बाहेरच्या रेषेवर उभी असलेली असंख्य कुटुंबे त्या दिवशी घर न हलवता आत आली. पुढच्या एका दुरुस्तीने २०११पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर मिळण्याची वाट उघडली. सभागृहात यावर तासन्‌तास भाषणे झाली असतील, मोर्चे तर कित्येक निघाले. कायद्याच्या कागदावर त्यातले जे उरते ते अवतरणचिन्हांच्या दोन जोड्यांत मावते.

लहान तसेच मोठेही. २०१९ साली सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे प्रकरण आले. १५४-बी, मग १५४-बी-१ पासून १५४-बी-३१ पर्यंत, सगळे एकाच ‘ते असे’च्या मागे. नेहरूनगरच्या म्हाडा वसाहतीतला संस्थेचा सचिव थकबाकीदाराला नोटीस काढताना, वारसनोंदीचा अर्ज घेताना जो क्रमांक लिहितो तो या अवतरणातला असतो. एवढा मोठा मजकूर छापताना मुद्रणालयाची एक जुनी शिस्त आहे. उघडणारे चिन्ह नव्या कलमाच्या तोंडाशी, मिटणारे अगदी शेवटी, मधे कितीही पाने जावोत. वाचणाऱ्याने मधलेच पान उघडले तर आपण कोणत्या कायद्यात आहोत हे कळायला मार्ग नाही. त्यात नव्या मजकुराच्या पोटात व्याख्या असल्या की त्यांची स्वतःची चिन्हे आली. अवतरणात अवतरण. कुठले मिटले, कुठले नाही हे मोजत बसायचे.

२०१२ साली महाराष्ट्राने शाई-लेखणीचा जो प्रयोग केला तो तर बोससाहेबांनाही सुचला नसता. इलाख्याच्या काळापासून शेकडो कायद्यांच्या नावात ‘मुंबई’ होते, जरी कायदा लागू होता चांद्यापासून बांद्यापर्यंत. एका कायद्याने ती नावे बदलून ‘महाराष्ट्र’ केली. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला, मुद्रांक कायद्याचेही तसेच. आणि हे अमलात कधीपासून? १ मे १९६०पासून. म्हणजे २०१२ साली घेतलेली लेखणी बावन्न वर्षे मागे जाऊन लिहिती झाली. त्या मधल्या काळातली आरोपपत्रे, निकाल, खरेदीखते यांवर जुनेच नाव आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते नाव तेव्हा नव्हतेच. व्यवहारात याने कोणाचे बिघडले नाही. तरी जुना दस्त आणि नवे पुस्तक शेजारी ठेवून काम करणाऱ्या कारकुनाला क्षणभर गरगरते.

आता सॉफ्टवेअरकडे. साध्या वर्ड प्रोसेसरवर दुरुस्ती विधेयक टाइप केलेल्या कोणालाही विचारा. पाचव्या कलमात अवतरण उघडले आणि आत ‘१५४-बी-१’ लिहून एंटर मारला, की यंत्र त्याला विधेयकाचे सहावे कलम समजते आणि पुढचे सगळे क्रमांक घसरतात. यंत्राला दोन आवाज कळत नाहीत. त्याला दिसतो तो एकच कागद. कुर्ला यार्डात दुसऱ्या रेकचा डबा आणून जोडला तरी त्याचा रंगवलेला क्रमांक त्याचाच राहतो. हे शंटिंगवाल्याला सांगावे लागत नाही, यंत्राला सांगावे लागते.

ते सांगण्याची रीतसर भाषा गेल्या तीसेक वर्षांत तयार झाली. ‘अकोमा न्तोसो’ हे तिच्यातले आज सर्वांत मान्य झालेले मानक. नाव घानातल्या अकान भाषेतले, कारण संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकेतल्या संसदांसाठी हाती घेतलेल्या कामातून ते २००४-०५च्या सुमारास जन्मले. बांधणी केली इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या मोनिका पाल्मिरानी आणि फाबिओ व्हिताली यांनी. २०१८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाले. त्यात उद्‌धृत मजकुराला दोन वेगळ्या खुणा आहेत. वाक्यातले चार शब्द किंवा एखादी तारीख बदलायची असेल तर ‘कोटेड टेक्स्ट’. अख्खे कलम, पोट-कलम, प्रकरण घालायचे असेल तर ‘कोटेड स्ट्रक्चर’. ही दुसरी खूण लावली की यंत्राला कळते की आतले क्रमांक, समासशीर्षके, पायऱ्या हे सगळे दुसऱ्या दस्तऐवजाचे आहे. ते मोजायचे नाही, बाहेरच्या ओळीत ओढायचे नाही. ब्रिटन आणि स्कॉटलंडचे मसुदाकार आज ‘लॉमेकर’ नावाच्या ज्या प्रणालीत काम करतात तिच्यात ही खूण देण्याची स्वतंत्र सोय आहे. अवतरणचिन्हे यंत्र स्वतः घालते, कुठे उघडायची आणि कुठे मिटायची ते त्याला ठाऊक असते.

याहून धाडसी काम टास्मानियाने १९९०च्या दशकाच्या शेवटी केले. ऑस्ट्रेलियाचे हे छोटे राज्य. तिथल्या ‘एनअ‍ॅक्ट’ प्रणालीत मसुदाकार सूचनापत्र लिहीतच नाही. तो मूळ कायद्याची पूर्ण प्रत उघडतो आणि तिच्यावरच खोडतो, लिहितो, अगदी शाई-लेखणीने करावे तसे. ‘या शब्दांऐवजी ते शब्द’ ही सूचना त्या खोडाखोडीवरून यंत्र तयार करते. विधेयक संमत झाले की दुरुस्त प्रत तयारच असते. बोस यांनी ज्याच्या मागे ‘जणू’ लावला होता ते तिथे अक्षरशः घडू लागले.

अशा प्रणालीने आपल्याकडे काय वाचले असते याचे एक उदाहरण पुरे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली व्याख्यांच्या कलमात एक नवी व्याख्या घातली. तिला खंड (आठ-ए) हा क्रमांक दिला आणि त्या क्रमांकावर आधीपासून असलेल्या ‘अवैध व्यापार’ या व्याख्येला (आठ-बी) केले. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम २७-अ मात्र (आठ-ए)कडेच बोट दाखवत राहिले. तिथे आता दुसरीच व्याख्या बसली होती. कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा सांगणारे कलम सात वर्षे हवेत लटकत होते. २०२१ साली त्रिपुरा उच्च न्यायालयाने हे दाखवल्यावर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरात दुरुस्ती कायदा आला, तोही १ मे २०१४पासून मागे लागू. क्रमांक बदलला की त्याच्याकडे बोट दाखवणारी सगळी कलमे लाल करून दाखवणे हे यंत्राचे अगदी पहिलीतले काम आहे. माणसाच्या नजरेतून मात्र ते सुटते, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या नजरेतून सुटले.

महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर विधेयक मराठीत मांडले जाते, मराठीत संमत होते. इंग्रजी पाठ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३)खाली राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध होतो, आणि त्याच्या माथ्यावर लिहिलेले असते की हे भाषांतर आहे. पण मराठी विधेयकाच्या शेवटी बघा. भाषा संचालकांच्या नावावर ‘यथार्थ अनुवाद’ अशी ओळ असते. दोन्ही कागद एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतात, मूळ तिकडे. यातून व्यवहारात कोडे उभे राहते ते अवतरणाच्या आत. १८८८चा कायदा इंग्रजीत जन्मला. मराठी दुरुस्ती म्हणते, “अमुक” या मजकुराऐवजी “तमुक”. तो ‘अमुक’ तेलंगांच्या काळच्या कागदावर शोधून सापडणार नाही. तो सापडतो मराठी अनुवादाच्या पुस्तकात, आणि तेही हाताशी असलेली आवृत्ती मधल्या सगळ्या दुरुस्त्या घेऊन छापलेली असेल तर. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा चिकटवावी लागते, दोन वेगळ्या पुस्तकांत, आणि दोन्ही ठिकाणी ती त्याच जागी बसली आहे ना हे कोणीतरी तपासावे लागते.

यंत्राकडून तपासून घ्यावे तर जुनी मराठी राजपत्रे यंत्राला वाचताच येत नाहीत. युनिकोड रुळण्याआधी सरकारी मराठी सी-डॅकच्या ‘आयएसएम’वर, डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फॉन्टांत टाइप होत असे. डोळ्यांना ती सुरेख दिसते. पण त्या पीडीएफमधले कलम उचलून दुसरीकडे ठेवा, रोमन अक्षरे, चिन्हे आणि उद्गारचिन्हे यांचा कचरा हाती येतो. तेव्हा आधी कायद्याची एक मराठी आणि एक इंग्रजी प्रत, आजच्या तारखेपर्यंत जोडलेली, यंत्राला कळेल अशा रूपात आणि सरकारच्या जबाबदारीवर असायला हवी. सॉफ्टवेअर विकत घेणे ही त्यानंतरची गोष्ट. तोवर कितीही महागडी प्रणाली आणली तरी ती अवतरणचिन्हे नीट घालेल, आणि ते अवतरण चिकटवायचे कुठे हा प्रश्न तसाच उरेल.

आज ते चिकटवण्याचे काम बहुतांशी खासगी प्रकाशक करतात. शासकीय मुद्रणालय ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ अशा प्रती काढते, पण ती तारीख आणि आजची तारीख यांच्यात बरेच पाणी वाहून गेलेले असते. म्हणून कुर्ल्याच्या दंडाधिकारी न्यायालयाबाहेरचा वकील असो की संस्थेचा सचिव, हातात असतो पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रकाशनाचा बेअर अ‍ॅक्ट. दरवर्षी नवा घ्यायचा, कारण जुन्यात चिकटवत कोण बसणार. ही पुस्तके बहुधा काळजीने केलेली असतात, आणि त्यांच्यावाचून इथले कामकाज आठवडाभरही चालायचे नाही. तरी पहिल्या पानावर प्रकाशकाने बारीक टायपात हात वर केलेले असतात : चूक राहिल्यास आम्ही जबाबदार नाही, शंका आल्यास मूळ राजपत्र पाहावे. शंका आलेला माणूस मूळ राजपत्र काढतो, आणि तिथे लिहिलेले असते की मुख्य अधिनियमाच्या कलम ३-डब्ल्यूनंतर पुढील प्रकरण समाविष्ट करण्यात येईल, ते असे.